'आउटरीच'ला मराठीत काय म्हणायचं? (संदर्भ : केनियातल्या राबाईचं मिशनकाम)

शरणपूररोडकर
केनियाच्या किनारपट्टीवरचं राबाई आणि आजूबाजूची गावं, तिथल्या ख्रिस्ती कामाची माहिती इंग्रजीतून मराठीत आणतो आहे. मंडळीच्या स्मरणिकेसाठी हवी आहे. 'आउटरीच' या एका शब्दापाशी काम अडलं. पाळक सायकलवर वस्तीत जाऊन प्रार्थनासभा घेतो, ते आउटरीच. महिन्यातून एकदा आंब्याखाली दवाखाना भरतो, तेही आउटरीच. बोअर घेऊन हातपंप बसवला, तर तेही तेच. 'धर्मप्रसार' लिहावं तर हातपंप त्यात बसत नाही. 'समाजसेवा' लिहावं तर प्रार्थनासभा बाहेर राहते. 'बाह्यसंपर्क' लिहून पाहिलं, ते परिपत्रकातलं वाटतं. सुचवा.

ओझरकर
बाह्यसंपर्कच ठेवा. परिपत्रकातला शब्द म्हणून नाकारायचा आणि मग इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं, असं करत गेलो तर मराठीत नवा शब्द रुजायचा कधी? 'बाह्यरुग्ण' सुरुवातीला अवघडच वाटला असणार. आज प्रत्येक दवाखान्याच्या दारावर आहे.

सिन्नरकर
ओझरकर, बाह्यरुग्ण बाहेरून आत येतो. आउटरीचमध्ये आतली माणसं बाहेर जातात. दिशाच उलटी आहे, त्यामुळे त्या शब्दाचा आधार इथे लागत नाही. आणि 'संपर्क' म्हटलं की नुसती ओळख, भेटगाठ डोळ्यांपुढे येते. हातपंप म्हणजे संपर्क नव्हे.

'पोहोच' सुचवणारे येतील म्हणून आधीच सांगतो, वाचकाच्या मनात पोचपावती येते. 'विस्तार' कृषी खात्याने घेतलाय, आणि मिशनच्या संदर्भात 'विस्तार' लिहिलं तर राज्यविस्तारासारखं ऐकू येतं. 'क्षेत्र' तर नाशिकच्या वाचकापुढे ठेवूच नये. 'राबाई हे मिशनचे क्षेत्र' असं वाक्य आलं की इथल्या माणसाला घाट आणि क्षेत्रोपाध्येच दिसणार.

लेखनिका
शब्द नव्याने घडवायची गरजच नाही. मराठी ख्रिस्ती समाजाकडे या कामाचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त ते बाहेरच्यांच्या कानावर नाहीत. सांगणं म्हणजे सुवार्ताप्रसार. सांगणारा म्हणजे सुवार्तिक. गावोगाव मुक्काम करत फिरणं म्हणजे दौरा. जमलेले लोक म्हणजे मंडळी, त्यांना सांभाळणारा पाळक. कुणी नव्याने आलं तर 'विश्वासात आले'. मूळ इंग्रजीत 'इतके आत्मे जिंकले' अशा धाटणीची वाक्यं असतील, ती शब्दशः आणू नका. मराठी ख्रिस्ती माणूस तसं बोलत नाही, आणि बाहेरच्याला ते भुताखेताचं वाटेल. तसंच 'चर्च लावलं' नको, 'मंडळी स्थापन झाली' लिहा.

ओझरकर
सुवार्ता हा प्रॉटेस्टंट शब्द. कॅथलिकांचा शुभवर्तमान. स्मरणिका सगळ्यांनी वाचायची असेल तर अडचण होईल.

लेखनिका
ही वाटणी टिकत नाही. वसईच्या कॅथलिक मासिकाचं नावच 'सुवार्ता' आहे. उलट प्रॉटेस्टंटांच्या बायबलात पुस्तकाच्या मथळ्यावर 'शुभवर्तमान' आणि आतल्या मजकुरात 'सुवार्ता' असे दोन्ही सापडतात. अर्थ एकच : मूळ ग्रीक शब्द म्हणजे चांगली बातमी. 'वर्तमान'चा बातमी हा अर्थ आपण वर्तमानपत्रात जपून ठेवलाय, एरवी विसरलो. म्हणून आजच्या तरुण वाचकाला 'शुभवर्तमान' म्हणजे चांगला काळ वाटतो, तर 'सुवार्ता' लगेच कळते. निवड त्या कारणाने करा, पंथाच्या कारणाने नको.

मनमाडकर
'मिशन' तरी तसंच ठेवणार का? आता गावात मिशन म्हणजे जलजीवन मिशन.

सिन्नरकर
ठेवावंच लागेल. मिशन कंपाउंड, मिशन दवाखाना हे मराठीच शब्द झालेत. मिशनरी या शब्दाचा लॅटिन गाभा 'पाठवणं' हा आहे आणि नेमका तोच अर्थ 'प्रेषित'मध्ये आहे. पण प्रेषित हा शब्द येशूच्या बारा शिष्यांसाठी आणि मुहंमद पैगंबरांसाठी पक्का झालाय. तो राबाईच्या सायकलवाल्या पाळकाला देता येणार नाही.

देवळालीकर
राबाईचं नाव निघालंय तर मजकुरात एक गोष्ट तपासा. इंग्रजी लिखाणात 'नासिक बॉईज' येतं. ते 'नाशिकची मुलं' असं भाषांतरित होताना पाहिलंय, आणि वाचकाला वाटतं की नाशिकची मराठी पोरं आफ्रिकेत गेली. तसं नाही. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेले आफ्रिकी लोक मुंबईला उतरवले जात. त्यांतले बरेचजण आपल्या नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आणले गेले. ही वसाहत १८५४ ची. तिथे वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत. १८६० च्या दशकापासून हीच माणसं पूर्व आफ्रिकेत परतू लागली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर राबाईला गेले, १८८५ मध्ये दोघांना बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. राबाईचं ठाणं १८४६ चं, योहान लुडविग क्राफ आणि योहानेस रेबमान यांनी उभं केलेलं.

म्हणजे तुमच्या मजकुरातल्या 'आउटरीच'चा कर्ता बऱ्याच ठिकाणी युरोपीय नाही. तो शरणपूरला शिकलेला आफ्रिकी माणूस आहे. मराठी क्रियापदाला कर्ता लागतो, इंग्रजी नाम तो झाकून ठेवतं. 'राबाई परिसरात आउटरीच झाले' आणि 'जोन्स राबाईच्या वस्त्यांवर जात' या दोन वाक्यांत हाच फरक आहे. माझं मत, नामाला प्रतिशब्द शोधूच नका. दरवेळी कोण गेलं आणि काय केलं ते लिहा.

मनमाडकर
आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन, त्याचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत आणणारा चुमाही नाशिकचाच ना?

देवळालीकर
नाही, ही गल्लत फार होते. चुमाला लिव्हिंग्स्टनने मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं. नाशिकला शिकलेला तो जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. 'बॉईज'साठी 'नाशिकला शिकलेले आफ्रिकी' असं लांबलचक लिहा. लांब झालं तरी चालेल, ती कर्ती माणसं होती, त्यांना पोरं म्हणू नका.

लेखनिका
त्याच जुन्या मजकुरातला आणखी एक धोका. राबाई भागातल्या लोकांना क्राफच्या काळात 'वानिका' म्हणत. स्वाहिलीत 'न्यिका' म्हणजे कोरडं झुडपी माळरान, त्यावरून रानात राहणारे असं हिणवणारं नाव पडलं. ते लोक आज स्वतःला मिजिकेंडा म्हणवतात : मिजी म्हणजे गावं, केंडा म्हणजे नऊ, नऊ गावांचे लोक. 'वानिका'चं 'रानटी' करू नका. जुन्या अवतरणात वानिका राहू द्या, बाकी मजकुरात मिजिकेंडा. त्यांच्या 'काया' नावाच्या पवित्र वनांना २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, तिथे 'देवराई' हा आपला शब्द चपखल बसतो.

आणि 'मूर्तिपूजक' टाळा. जुने अहवाल ज्या शब्दाने त्यांना संबोधतात त्याचं मराठीत सरसकट मूर्तिपूजक होतं. मिजिकेंडांचा मुलुंगू हा आभाळाशी, पावसाशी जोडलेला देव, त्याची मूर्ती नसते. मृत पूर्वजांसाठी कोरलेले लाकडी खांब असतात, ते आपल्या वीरगळांच्या जवळचे. 'पूर्वापार धर्म पाळणारे' पुरेसं आहे.

ओझरकर
देवराई चालते, वीरगळ चालतो, म्हणजे मराठी शब्द चालतात. मग बाह्यसंपर्कावरच राग का?

लेखनिका
देवराई कुणीतरी पाहिलेली असते. बाह्यसंपर्क कुणी पाहिलेला नाही.

सिन्नरकर
ऋतूंकडेही लक्ष द्या. दौऱ्याचे महिने सांगताना इंग्रजीत 'कोरड्या ऋतूत' येतं, त्याचं 'उन्हाळ्यात' झालं की संपलं. नाशिकचा वाचक एप्रिल-मे समजणार. केनियाच्या किनाऱ्यावर मार्च अखेरपासून मेपर्यंत मोठा पाऊस असतो, 'मासिका' म्हणतात. ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, 'वुली'. कोरडं आणि कडक ऊन जानेवारी-फेब्रुवारीत. मासिकात लाल मातीचे रस्ते चिखलाने बंद होतात, सायकलच्या मडगार्डमध्ये माती भरून चाक फिरत नाही, त्यामुळे वस्तीवरचे कार्यक्रम ठरवूनही मोडतात. मजकुरात 'मे महिन्यातील आउटरीच रद्द' असं असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर कंसात 'पावसामुळे' लिहा. नाहीतर आपला वाचक मे महिन्यात कसला पाऊस म्हणून अडेल.

दुभाष्याचंही तसंच. पाहुणा इंग्रजीत बोलतो, त्याचं स्वाहिली होतं, म्हाताऱ्यांसाठी पुन्हा राबाईच्या बोलीत. वीस मिनिटांचं बोलणं तासावर जातं. 'लांबलेली सभा' एवढंच लिहिलं तर वक्ता पाल्हाळिक वाटतो.

शरणपूररोडकर
हे फार उपयोगी. देवळालीकरांची सूचना पटते आहे, पण मथळ्यांचं काय? प्रकरणाचं नावच 'रूरल आउटरीच' आहे. तिथे कर्ता आणि क्रियापद घालता येत नाही.

दुसरं, हातपंपाच्या पानावर 'हापसा' लिहिलं तर चालेल का? स्मरणिकेचे संपादक म्हणतात हा गावंढळ शब्द आहे.

मनमाडकर
गावंढळ? हापसाच लिहा! हातपंप हा कागदावरचा शब्द. निफाडपासून नांदगावपर्यंत कुणी 'हातपंपावर जाऊन येते' म्हणत नाही. क्रियापदही तयार आहे, हापसणे. हातपंपाला क्रियापद नाही, 'चालवणे' म्हणावं लागतं, आणि ते मोटारीलाही लागतं.

ओझरकर
हापसा मुळात 'हातउपसा' असावा. हात अधिक उपसा, मधला त गळला. उपसा सिंचनातला उपसा तोच. म्हणजे हा शुद्ध मराठी सामासिक शब्द आहे, गावंढळ नाही. या एका बाबतीत मनमाडकरांशी सहमत.

सिन्नरकर
हे ओढूनताणून वाटतं. हातउपसा असता तर 'हातुपसा' व्हायला हवं होतं. 'धापणे'सारखा हा ध्वनीवरून आलेला असेल. दांडा खाली जाताना 'हाप' आणि वर येताना 'स'.

ओझरकर
मग 'उपसणे' आणि 'हापसणे' यांचा तोंडवळा इतका सारखा कसा?

देवळालीकर
व्युत्पत्ती राहू द्या, पान कोणत्या पंपाचं आहे ते आधी पाहा. इंडिया मार्क टू की ॲफ्रिडेव्ह? दोन्ही आफ्रिकेत आहेत आणि भाषांतर बदलतं.

मार्क टूचं मूळ आपल्याकडचं. आधीचे बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले होते, शंभर घरांनी दिवसभर वापरले की मोडत. दुष्काळी भागात बोअर घेणाऱ्या मिशनच्या लोकांनी जालना आणि सोलापूरकडे पोलादी पंप बनवले, त्यांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने मार्क टू झाला. म्हणजे या पानावर महाराष्ट्रातलं मिशनकाम केनियाला पोचलेलं दिसेल, आणि तिथे 'हापसा' हाच शब्द शोभतो. यात दांड्याला चेन असते आणि खाली ३२ मिलिमीटरचे जस्ती पाइप. खालचे वायसर झिजले की तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्याला चार-पाच माणसं आणि पान्हे लागतात. पाणी आम्लधर्मी असेल, पीएच साडेसहाच्या खाली, तर जस्ती पाइप गंजतात आणि पाणी तांबूस येतं.

ॲफ्रिडेव्ह पूर्व आफ्रिकेत घडला, मोम्बासाच्या दक्षिणेला क्वालेत त्याच्या चाचण्या झाल्या. पाइप प्लास्टिकचे, ते जागेवरच राहतात. गज आकड्याने एकमेकांत अडकवलेले असतात, ते एकेक सोडवून वर घेता येतात आणि तळाचा व्हॉल्वही त्याच पाइपातून बाहेर निघतो. गावातल्या दोन बायका अर्ध्या दिवसात सील बदलू शकतात, म्हणून तो निवडला जातो. मर्यादा ४५ मीटर खोलीची. मूळ मजकुरात 'गावकरी स्वतः दुरुस्ती करतात' असं असेल तर तो बहुधा ॲफ्रिडेव्ह असेल. मार्क टूला ते वाक्य लावू नका.

आणि पंप गावाच्या ताब्यात दिला जातो त्याला 'लोकार्पण' लिहू नका. लोकार्पण म्हटलं की फीत आणि पाहुणे आले. इथे देखभालीची जबाबदारी, पान्हे आणि सुट्या भागांचा डबा पाणी समितीकडे जातो. 'हस्तांतरण' लिहा.

मनमाडकर
तळाच्या व्हॉल्वला गावात 'फुटबॉल' म्हणतात, तेही टाकू नका म्हणजे झालं. तो गळला की पाइपातलं पाणी उतरतं, सकाळी वीस-तीस वेळा कोरडंच हापसावं लागतं. मूळ इंग्रजीत याला काही तरी तांत्रिक नाव असेल, मराठीत 'पाणी उतरलं' एवढंच.

लेखनिका
मथळ्यासाठी 'गावोगावचं काम' कसं वाटतं?

ओझरकर
त्यात ख्रिस्ती काही नाही. कुठल्याही पंचायत समितीचा अहवाल वाटेल.

सिन्नरकर
'मंडळी गावाकडे'?

लेखनिका
बाहेरचा वाचक 'मंडळी'चा अर्थ घरची माणसं घेईल. सुट्टीला गावी निघाल्यासारखं होईल ते.

ओझरकर
हातउपसा. 'हातचलाखी'त त टिकतो हे मान्य, पण 'हातरुमाला'चा बोलताना 'हारुमाल' होतोच की.

सिन्नरकर
'हारुमाल' कुठे म्हणतात? कोणत्या तालुक्यात?