वाकडा जुळलेला घोटा: चिठ्ठीवर 'वेबर बी' लिहून भागतं का?

घोटेबाज
"वेबर बी, मॅलयुनियन" (फिब्युला घोट्याच्या सांध्याच्या पातळीला मोडली आणि वाकडी जुळली) एवढ्यावर पेशंट पुढे पाठवले जातात. वेबर काय, लाउगे-हान्सेन काय, ही ताज्या फ्रॅक्चरची वर्गवारी. हाड जुळून गेल्यावर प्रश्न बदलतात. वाकडेपणा कुठे आहे: फिब्युला (नडगीचं बाहेरचं बारीक हाड), आतला मॅलिओलस (घोट्याचा आतला उंचवटा), मागचा तुकडा की टिबियाचं (नडगीच्या जाड हाडाचं) खालचं टोक? टॅलस (घोट्यातलं पावलाचं हाड) मॉर्टिसच्या, म्हणजे वरच्या दोन हाडांच्या खोबणीच्या, मधोमध आहे का? कूर्चा (सांध्यातलं गुळगुळीत अस्तर) किती उरली? बहुतेक वेळा फिब्युला आखूड होऊन बाहेरच्या बाजूला फिरलेली सापडते. उभं करून दोन्ही घोट्यांचे एक्स-रे काढा. टॅलोक्रूरल कोन (फिब्युलाची लांबी यावरून कळते) सरासरी ८३ अंश, पण माणसागणिक चार-एक अंशांनी इकडेतिकडे, म्हणून खरी तुलना दुसऱ्या पायाशीच. आतली फट (टॅलस आणि आतला मॅलिओलस यांमधली) ४ मिमीच्या वर गेली की शंका घ्यावी. फिब्युलाची फिरकी एक्स-रेवर फसवते, तिला दोन्ही बाजूंचा सीटी स्कॅन हवा.

आणि टॅलस सरकलेला दिसला की दुखण्याची वाट बघू नये, ऑपरेशन करून जागेवर आणावा. रॅम्से-हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवलं की टॅलस १ मिमी बाहेर सरकला तरी सांध्यातल्या हाडांच्या संपर्काचं क्षेत्र ४२ टक्क्यांनी घटतं.

साधा_एक्सरे
वर्गवारीबद्दल अर्धा सहमत, पुढच्याशी साफ असहमत. तो ४२ टक्क्यांचा आकडा शवांच्या मोकळ्या केलेल्या सांध्यांवरचा आहे. जिवंत घोट्यात डेल्टॉइड (आतल्या बाजूचा अस्थिबंध) शाबूत असेल तर टॅलस इतक्या सहजी सरकत नाही. फिब्युला २ मिमी आखूड, टॅलस जागेवर, माणूस विनातक्रार चालतोय. त्याला कापायचं कशाला? शिवाय मूळ फ्रॅक्चरचा प्रकार निरुपयोगी नाही. वेबर सी (फिब्युला सांध्याच्या वर मोडलेली) होतं हे कळलं की सिंडेस्मोसिस (टिबिया-फिब्युलाचा खालचा जोड) उघडून बघायची तयारी आधीच करता येते.

घोटेबाज
टॅलस जागेवर असेल तर मीही कापणार नाही. मी लिहिलंय "सरकलेला दिसला की". डेल्टॉइडचा मुद्दा मान्य, पण तो गेलेला असतो म्हणूनच तर आतली फट रुंदावते.

प्लेट_आणि_स्क्रू
वाद चालू द्या, पण फिब्युला कापून लांबवायचीच तर ऑपरेशन फसतं कुठे ते बघू. आधी आतल्या फटीतला व्रणऊतक खरवडून काढायचा. तो राहिला तर फिब्युला कितीही ओढा, टॅलस मागे येत नाही. सिंडेस्मोसिसमधलाही काढायचा, नाहीतर फिब्युला खाचेत बसत नाही. मग सिंडेस्मोसिसच्या वर आडवा छेद. प्लेट आधी खालच्या तुकड्यावर पक्की करायची. प्लेटच्या वरच्या टोकापासून सेंटिमीटरभर वर एक सुटा स्क्रू, आणि त्या दोघांच्या मध्ये लॅमिनार स्प्रेडर (फाकवणारा चिमटा). तो एकेक खाच उघडत जायचा, सोबत खालचा तुकडा आत फिरवायचा. लांबी आली आणि फिरकी राहिली, ही नेहमीची चूक. के-वायरने (बारीक तारेने) तात्पुरतं धरून सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्रावर) मॉर्टिस बघायचं, मगच वरचे स्क्रू. उरलेल्या फटीत इलियाक क्रेस्टचं (कमरेच्या कडेचं) हाड, म्हणजे ग्राफ्ट. आडव्याऐवजी झेड आकाराच्या छेदात हाडाला हाड जास्त लागतं, पण फिरकी सुधारायला तो अडचणीचा.

साधा_एक्सरे
उत्तम. पण हे सगळं करून कूर्चाच उरली नसेल तर? सांधा पूर्ण मिटलाय, हाडाला हाड लागलंय, तिथे फिब्युला लांबवणं म्हणजे पेशंटला दोन ऑपरेशनं. सरळ फ्यूजन करा, म्हणजे सांधा कायमचा जोडून टाका: पाऊल काटकोनात, टाच ५ अंश व्हॅल्गसमध्ये (बाहेर कललेली), फिरकी दुसऱ्या पायासारखी.

घोटेबाज
पूर्ण मिटलेल्या सांध्याला फ्यूजन किंवा निवडक पेशंटमध्ये कृत्रिम सांधा, यात वाद नाही. माझं भांडण "थोडा आर्थ्रायटिस दिसला, आता उपयोग नाही" म्हणणाऱ्यांशी आहे. फट एका बाजूला अरुंद आणि बाकी कूर्चा शिल्लक असेल, तर भार सरळ रेषेत आणून पुष्कळ वर्षं काढता येतात. टिबियाच वाकडी असेल तर मात्र एकटी फिब्युला लांबवून भागत नाही, घोट्याच्या वर टिबियाचीही ऑस्टिओटॉमी (हाड कापून सरळ करणं) लागते.

प्लेट_आणि_स्क्रू
एक राहिलं. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर ही कारागिरी करण्याआधी दहादा विचार करा. दुखत नाही म्हणून पेशंट पहिल्याच आठवड्यात पाय टेकतो आणि प्लेट वाकते. इतरांनाही साधारण ६ ते ८ आठवडे भार नाहीच. तंबाखू-सिगारेट आधी बंद, कारण आडव्या छेदातलं ग्राफ्ट न जुळणं ही याच ऑपरेशनची दुखरी जागा.

साधा_एक्सरे
याला +१. पण विनातक्रार घोट्याला हात लावू नये, यावर मी ठामच.