मदत हवी आहे: इटलीत इंग्रजी संभाषण शिकवायला जाण्याबद्दल

नमस्कार मंडळी. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त आहे. येत्या एप्रिलमध्ये दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात, ओस्तुनीजवळ, तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. दिवसा हायस्कूलची मुलं, संध्याकाळी गावातली मोठी माणसं, आणि त्यांच्याशी इंग्रजीत मनसोक्त गप्पा. मानधन नाही, राहण्याजेवण्याची सोय संस्था करणार.

मुख्य अडचण व्हिसाची. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, हे कळलं. पण अर्जात प्रवासाचं कारण 'पर्यटन' लिहायचं, की निमंत्रणपत्र जोडून दुसरं काही? खोटं मला काहीही लिहायचं नाही. मुंबईतून कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दुसरं शिकवण्याचं. व्याकरण येणारी मुलंही बोलायला बुजतात, हे आपल्याकडे खूप पाहिलंय. तिथे ऑलिव्हच्या बागा, घरचा स्वयंपाक, गावची जत्रा अशा विषयांवर त्यांना बोलतं करावं असं मनात आहे. त्यासाठी जुजबी इटालियन आधी शिकून जाऊ का, की वर्गात फक्त इंग्रजीच बरं? मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवलेल्यांनी जरूर लिहा.