जप्ती शून्य, तरी एवढे मांस नष्ट कसे झाले?

प्रश्न:
इंग्लंडमधील एका लहान अर्बन डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक कारभाराच्या शहरी विभागाच्या) आरोग्याधिकाऱ्याचे १९०५ ते १९१० या काळातील वार्षिक अहवाल मी वाचत आहे. 'जप्त' या रकान्यात बहुतेक वर्षी शून्य आहे, मात्र 'स्वेच्छेने हवाली केलेले' या शीर्षकाखाली फुफ्फुसे, यकृते, क्वचित अख्खे धड अशी लांबलचक नोंद आढळते. खाटीक आपला माल आपणहून का देत असावेत?

प्रतिसाद १:
याचे कारण १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात आहे. विक्रीला ठेवलेले रोगट मांस उचलून नेण्याचा अधिकार आरोग्याधिकारी व निरीक्षक यांना होता. पण ते नष्ट करण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याने द्यायचा असे आणि तो झाला की खाटकाला दर नगामागे २० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. शंका येताच निरीक्षकाला बोलावून माल हवाली केला, तर भरपाई मिळत नसली तरी खटला टळे आणि दुकानाचे नावही राही. म्हणून ते शून्य पाहून मांस निर्दोष होते असे कृपया समजू नये.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. नुसते फुफ्फुस नष्ट झाले आणि धड विकले गेले, अशा नोंदी पाहून दचकू नये. क्षयरोगविषयक शाही आयोगाने १८९८ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वांनुसार, क्षयाच्या गाठी छाती व पोट या दोन्हींच्या आतल्या आवरणांवर असतील, स्नायूंत असतील किंवा जनावर खंगलेले असेल, तर संपूर्ण धड बाद होई. एरवी फक्त रोगट भाग काढला जाई. डुकराच्या बाबतीत मात्र रोग शरीरभर पसरण्याची प्रवृत्ती अधिक, म्हणून कुठेही गाठ सापडली की सगळेच बाद. फासळ्यांच्या आतल्या अंगाला द्राक्षांच्या घोसासारख्या लोंबणाऱ्या या गाठी आवरणासकट सोलून काढल्या की धड वरवर स्वच्छ दिसे. ही लबाडी आयोगाला ठाऊक होती. परदेशातून आलेल्या मांसाचे आवरण सोललेले दिसले तर तेवढ्यावरूनच ते जप्त करावे, असे त्याने सांगितले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग निरीक्षक प्रत्येक कत्तलीला हजर असे का?

प्रतिसाद १:
नाही, आणि मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. कत्तलखाने बहुतांशी खासगी, दुकानांच्या मागच्या अंगणात विखुरलेले. निरीक्षकाकडे गटारे आणि घरांची पाहणीही असे. कत्तलीची आगाऊ सूचना देण्याचे बंधन देशभर लागू झाले ते १९२४ च्या मांसविषयक नियमांनी, १ एप्रिल १९२५ पासून. आपल्या अहवालांत कत्तलखान्यांना दिलेल्या भेटींची संख्या असेल, तर ती हवाली केलेल्या मालाशेजारी मांडून पाहावी.