नळाला गटाराचा वास, गल्लीत काविळीचे दोन पेशंट. आरओ घ्यावा की आधी पाणी तपासावं? (मदत हवी आहे)

दुपारची_झोप:

मंडळी, जरा घाईचं आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या गावचे दोघंतिघं इथे वाचतात. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. वेळ व्हॉल्व्हमनच्या मर्जीवर, कधी पहाटे चार तर कधी रात्री अकरा. पाणी सुटलं की पहिली पाच-सात मिनिटं गढूळ येतं आणि चक्क गटाराचा वास मारतो. मग नितळ होतं. ते नितळ झालेलं हौदात घेतो, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत. पिण्याचं वेगळं: एक हंडा, दोन कळश्या, वरून चौपदरी फडकं, आणि तुरटी फिरवायची. 'इतकी वर्षं हेच पितोय, कुणाला काही झालंय का?' हे सासूबाईंचं वाक्य.

आता झालंय. तीन आठवड्यांत गल्लीत काविळीचे दोन पेशंट निघाले. एक कॉलेजचा मुलगा, एक शेजारच्या काकू. (काकू गळ्यात काविळीची माळ घालून फिरतायत. त्यावर वेगळा धागा काढेन.) माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात येतेय, सातवा संपत आलाय. शिवाय माझा अडीच वर्षांचा मुलगा.

नवऱ्याने आरओवाल्याला बोलावलं. त्याने पाण्यात मीटर बुडवला: टीडीएस ६४०. मग दोन ग्लास घेतले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या. दोन मिनिटांत आमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ! त्याचं पाणी जसंच्या तसं. सासूबाईंनी हातच जोडले. मशीन साडेचौदा हजारांचं.

घ्यावं का? की आधी पाणी तपासून घ्यावं, आणि ते कुठे? नणंद येईपर्यंत हातात सहा दिवस आहेत. नगरपरिषदेत तोंडी सांगून झालं, 'बघतो' म्हणाले.

कट्ट्यावरचा:

आधी त्या सळ्यांचं बघू. एका जोडीतली सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचाच गाळ दिसतो. तुमच्या पाण्यातला नाही तो, त्याच्या सळईतला. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते 'शुद्ध'. त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून सळ्या सोडायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्याकडे मी हा प्रयोग केला, तेव्हापासून तो माणूस आमच्या सोसायटीत येत नाही.

जुना_ओव्हरसियर:

मी पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून लांबलचक लिहितोय. माफी असावी.

ताई, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. आयएस १०५०० या मानकात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ६४० ला घाबरायचं कारण नाही. डाळ उशिरा शिजेल, गिझरला खडू धरेल, एवढंच. कावीळ त्याने होत नाही. तुमच्या लिहिण्यात कामाची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पहिल्या पाच-सात मिनिटांचा वास.

जलकुंभातून पाणी निघतं तेव्हा बहुतेक वेळा ठीक असतं. पुढे काय होतं ते बघा. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब राहत नाही. बाहेर गटार तुंबलेलं. आपल्याकडे घरोघरचे नळ गटारातूनच ओढलेले असतात, कारण रस्ता फोडायची परवानगी आणि पैसे कुणालाच नको असतात. पाइप गंजला, जोड सैल झाला की गटाराचं पाणी आत शिरतं आणि चार दिवस तिथेच मुरतं. पाचव्या दिवशी पाणी सुटलं की तेच आधी तुमच्या दारात येतं. गल्लीत लोक नळाला थेट मोटर लावत असतील, तर पाणी चालू असतानाही बाहेरचं आत ओढलं जातं. आणि नंतर नितळ झालं म्हणजे घाण संपली असं नाही, पातळ झाली.

आता करायचं ते सांगतो. ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची, छोटी बाटली मिळवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते, आशाताईंना विचारलंत तर तीही सांगेल. परीक्षानळीत पाणी, त्यात थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. पांढरंच राहिलं तर नाही. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे. पण एकट्या तुमच्या घरी बघू नका. पाणी आलं की टाकीजवळचं एक घर, गल्लीच्या तोंडाचं एक आणि तुमचं, अशा तिन्ही ठिकाणी बघा. घाण जिथे शिरते तिथे क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. पिवळा रंग कुठे गायब होतो त्यावरून फुटकी जागा सापडते. आम्ही गळती अशीच शोधायचो.

कागदावर निकाल हवा असेल तर जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणाची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते, बऱ्याच ठिकाणी उपविभागालाही असते. जंतूंच्या तपासणीला बाटली त्यांच्याकडचीच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारायचं औषध घातलेलं असतं, त्यामुळे ती विसळायची नाही. घरची बिसलरी नेलीत तर निकालाला अर्थ राहत नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

वॉर्ड_नंबर_सात:

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ताई, पाइप सापडेल तेव्हा सापडेल, उकळणं आजपासून सुरू करा.

पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे हेपेटायटिस ए किंवा ई. २०१२ साली इचलकरंजीत साथ आली ती ई ची. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ई जिवावर बेतू शकते, म्हणून नणंदेच्या बाबतीत चालढकल नको. आणखी एक, जंतू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे काकूंनी ते पाणी महिना-दीड महिन्यापूर्वी प्यालं असणार. आज तपासणी चांगली आली म्हणून गाफील राहू नका.

उकळणं म्हणजे बुडबुडे फुटायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट. कोमट करून उतरवलेलं पाणी उकळलेलं नव्हे. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या. माठात ओतायचं असेल तर माठ आधी घासून घ्या, आणि पाणी ओगराळ्यानेच काढा. हात घालून पेला बुडवला की केलेलं सगळं वाया. दात घासायला, बाळाच्या वाट्या-चमचे विसळायला, कोशिंबीर धुवायलाही तेच पाणी. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) मागा, थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे आणि अर्धा तास थांबून प्यायचं. पण गरोदर बाई घरात असताना मी तरी उकळलेलंच देईन.

कावीळ झालेल्यांची नोंद आरोग्य केंद्रात झालीय का ते विचारा. दोन पेशंट एका गल्लीत म्हटल्यावर त्यांना येऊन बघावं लागतं.

कट्ट्यावरचा:

तोवर जार मागवा म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. वीस लिटरचा तो थंड जार कुणाच्या तरी बोअरचा असतो, त्याला सील नसतं. गार आहे म्हणून गोड लागतं.

अर्जदार:

तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या पंधरा-वीस सह्या घ्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. दोघांना कावीळ झालीय हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: गेल्या तीन महिन्यांतल्या क्लोरीन तपासणीच्या नोंदवहीची प्रत. फार जणांना माहीत नाही, पण २००५ च्या कायद्यात नुसते कागदच नाहीत, प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. नोंदवहीची प्रत मागितली की नोंदवही भरायला तरी सुरुवात होते.

दुपारची_झोप:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेदहाला पाणी आलं. ओटीची बाटली आशाताईंनी मिळवून दिली. मी, नवरा आणि समोरचा मुलगा तीन ठिकाणी उभे राहिलो, व्हिडिओ कॉल लावून. टाकीजवळ छान पिवळं. गल्लीच्या तोंडाला फिकट, पण पिवळं. आमच्याकडे पांढरं! वीस मिनिटांनी परत बघितलं, तरी पांढरंच.

आज सकाळी बिनसह्यांचाच अर्ज देऊन आलो, सह्या नंतर. फिटर दुपारीच आला, याचं मलाच आश्चर्य वाटलं. काविळीच्या ओळीने काम केलं असावं. आमच्यापासून तिसऱ्या घरापुढे गटारावरची फरशी काढली. मुख्य लाइनचा जोड गाळात बुडालेला आणि त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली! कुणी आणि कधी गुंडाळली, कुणालाच ठाऊक नाही. उद्या तो तुकडा बदलतील म्हणतात. आमचा नळ गटारातून वर उचलून घ्यायचं आम्ही आमच्या खर्चाने ठरवलंय. आरओवाल्याला नको म्हणून कळवलं.

आता एकच अडचण. हौदात कालचं दोन हजार लिटर पाणी आहे. पुढचं पाणी पाच दिवसांनी. सासूबाई ओतू देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव होत नाही.

जुना_ओव्हरसियर:

शाब्बास, काम फत्ते केलंत. पाणी ओतू नका. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणा, पण ताज्या पाकिटातली. उघडी राहिलेली मेलेली असते, तिला वासही येत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे तुमच्या हौदाला दहा. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी तेवढं हौदात ओता आणि ढवळा. अर्ध्या तासाने ओटी बघा. पिवळं आलं तर अंघोळ-भांड्यांना बिनधास्त वापरा, प्यायला मात्र उकळूनच. पांढरं राहिलं तर तेवढीच मात्रा पुन्हा द्या. नवा पाइप बसल्यावर पुढच्या खेपेचं पहिलं दहा मिनिटांचं पाणी सोडून द्या. हौद रिकामा झाला की तळाचा गाळ घासून काढा.

दुपारची_झोप:

दहा ग्रॅम म्हणजे किती चमचे, असं सासूबाई विचारतायत.

जुना_ओव्हरसियर:

चमच्याने नको. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुडी बांधून घ्या. आणि घरी आणल्यावर पिठीसाखरेच्या डब्याजवळ ठेवू नका.