प्रति: फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना
वर कुणीतरी म्हटलंय की आवाज गोड असला की निम्मं काम झालं. ठीके, पण गिऱ्हाईक खरं वैतागतं ते 'एक मिनिट हां' म्हणून फोन तसाच टेबलावर ठेवला की, मग मागची सगळी बडबड त्याला ऐकू जाते, त्यापेक्षा सरळ विचारा 'थांबता का, की दहा मिनिटांत मीच करू फोन?' आणि मग करायचाच.

ऑर्डर, नंबर परत वाचून दाखवा. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (आवाजाची पट्टी मोजायचं एकक) एवढाच भाग जातो, त्याहून उंच पट्टीचा कापला जातो, त्यामुळे 'स' वगैरे नीट ऐकू येत नाही आणि साठचे आठ होतात. (स्पीकरवर तर अजूनच गोंधळ!) आणि नुसतं 'हॅलो' काय, उचलल्या उचलल्या दुकानाचं नाव सांगा ना.