२४० दिवसांची रजा आणि गोडी छाटणी

गोदाकाठ:
पीएचडीला मुली येत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात पीएचडीच्या २.१२ लाख विद्यार्थ्यांत ०.९९ लाख मुली होत्या. गळती पुढे होते. तिचं एक कारण नियमांतल्या कॅलेंडरमध्ये आहे, असं माझं म्हणणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी अख्ख्या पीएचडीत मिळून २४० दिवस रजा आहे. ती आपल्या द्राक्षबागेत प्रयोग करणाऱ्या विद्यार्थिनीला लावून बघा. रजा १ जुलैला सुरू झाली तर २५ फेब्रुवारीला संपते. १ ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेला प्लॉट १३० दिवसांत, म्हणजे ८ फेब्रुवारीच्या आसपास काढणीला येतो. पोंगा, फुलोरा, मणी सेटिंग, पाणी उतरणं, सगळं तिच्या गैरहजेरीत उरकलं. पुढची गोडी छाटणी थेट पुढच्या ऑक्टोबरला. कागदावर आठ महिने गेले, प्रयोगाचे पंधरा. त्यात दोन हंगामांची आकडेवारी लागते, ते वेगळंच.

प्लॉट नं. ७:
पटलं नाही. पाय मोडला तरी हंगाम जातोच, यात बाईपणाचा काय संबंध? शिवाय हीच रजा १ फेब्रुवारीला सुरू झाली तर २८ सप्टेंबरला संपते, छाटणी हातात येते. आणि छाटणी ऑक्टोबरातच होते हे कुणी सांगितलं? बागलाणात अर्ली द्राक्षाला जून-जुलैपासून कात्री लागते. तिकडचा प्लॉट घ्या. पीएचडीची मुदतही सहा अधिक दोन, महिलांना आणखी दोन, अशी दहा वर्षं आहे. एवढी सवलत कुठे मिळते?

गोदाकाठ:
पाय मोडणं अपवाद आहे हो. पंचविशी-तिशीतलं बाळंतपण अपवाद नाही, म्हणूनच नियमात आहे. फेब्रुवारीचं गणित बरोबर, पण मूल छाटणी बघून येत नाही. अन्नद्रव्यांचा प्रयोग असेल तर तेही जमत नाही, कारण काडीत घड धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी तयार करायच्या छाटणीनंतर. ऑक्टोबरला परत येऊन घड का जिरले, म्हणजे धरूनही नाहीसे का झाले, हे कसं सांगणार? अर्ली प्लॉट भर पावसात फुटतो, केवडा या बुरशीरोगाचा दाब वेगळाच. पहिला हंगाम निफाडचा, दुसरा बागलाणातल्या सटाण्याचा, असं जोडलं तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल. राहिली दहा वर्षं. नोंदणी दहा वर्षं चालेल, जेआरएफ-एसआरएफ या संशोधनवृत्त्यांचे मिळून पैसे पाचच वर्षं.

घडनिर्मिती:
ती दहा वर्षंच अंगाशी येतात, हे कुणी बोलत नाही. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी. चारातली एक जागा दहा वर्षं अडकणार असं गाईडच्या डोक्यात बसलं की तो मुलाखतीतच हात आखडतो. विद्यापीठाच्या प्रवेशात ३० टक्के वजन मुलाखतीला आहे. ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा प्रश्न तिथेच येतो. वाढीव मुदतीतली विद्यार्थिनी त्या चारात मोजूच नका. आयोगाला खर्च शून्य.

प्लॉट नं. ७:
जागेचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण मग बागेचाच विषय का घ्यायचा? प्रयोगशाळेतला घ्यावा.

घडनिर्मिती:
म्हणजे बागेवरचं संशोधन पुरुषांनी करायचं? मण्यांची विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) बायांच्या हातांनी होतं, आणि सर्वेक्षणातला ‘शेतकरी’ सातबाऱ्यावरच्या नावांवरून निवडतात. आधीच बाई नमुन्यात नाही. संशोधकही नको का?

प्लॉट नं. ७:
सातबाऱ्याचा वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन. इथे खर्चाचं सांगा. आठ महिने मदतनीस दिला की झालं ना?

गोदाकाठ:
अर्धं झालं. कांदा चाळीतला साठवणुकीचा प्रयोग असेल तर दर पंधरा दिवसांनी वजन, सड आणि कोंब मोजायचे, ते मदतनीस करेल. केवड्याचं तसं नाही. पानाचा किती टक्के भाग गेला हे डोळ्यांनी ठरवायचं असतं. एकाला जे १५ टक्के दिसतं ते दुसऱ्याला २५. मध्येच डोळे बदलले तर औषधाचा फरक की माणसाचा, हे कळत नाही. म्हणून रजेच्या आधी दोघांनी तीच ५० पानं एकमेकांचे आकडे न बघता मोजायची, फरक कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. नंतर प्रत्येक पानाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. हे छाटणीनंतर सुरू करून उपयोग नाही, केवडा थांबत नाही. त्यामुळे मदतनिसाची नेमणूक रजेच्या अर्जासोबतच मंजूर व्हायला हवी.

प्लॉट नं. ७:
आणि त्याचा पगार खर्चाच्या कोणत्या हेडमधून?

घडनिर्मिती:
गाईडच्या प्रकल्पात मनुष्यबळाचं हेड असेल तर त्यातून. नसेल तर गाडी तिथेच अडते.