प्रतिसाद: नवे ड्रॉइंग जुन्या ऑटोकॅडमध्ये
शिरोलीच्या पॅटर्न शॉपमधील (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या कारखान्यातील) ऑटोकॅड २०१५ या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचे ड्रॉइंग उघडत नाही, यावर फाइलचे नाव बदलून पाहण्याचा सल्ला आधीच्या एका प्रतिसादात दिला आहे. त्याचा उपयोग होणार नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर अगदी सुरुवातीला ‘एसी१०३२’ दिसत असेल, तर ती २०१८ च्या डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलच्या) स्वरूपातील आहे, आणि आपली आवृत्ती ‘एसी१०२७’, म्हणजे २०१३ च्या स्वरूपापर्यंतच वाचू शकते. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू या मोफत प्रोग्राममध्ये ती फाइल २०१३ च्या स्वरूपात बदलता येते. अर्थात, ग्राहकालाच ‘सेव्ह ॲज’ करताना २०१३ निवडायला सांगणे अधिक बरे, कारण ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती झाली (आणि ती होतेच) की हा खटाटोप पुन्हा आलाच. पॅटर्नच्या लाकडाला हात लावण्यापूर्वी मात्र मापे ग्राहकाच्या पीडीएफशी ताडून घ्यावीत.